संसर्गावर उपचार करताना दवाखान्याचा कचरा कसा कमी करावा

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी कचऱ्याचा विचार डब्यापासून नव्हे, तर प्रिस्क्रिप्शन लिहितानाच सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. जुलाबाने थकलेला रुग्ण आला की नातेवाईक "डॉक्टर, एक सलाईन लावा" असा आग्रह धरतात. प्रत्येक सलाईनमागे बाटली, नळी, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) आणि सुई कचऱ्यात जाते, शिवाय शिरेतून नवा संसर्ग शिरण्याची वाट उघडते. रुग्ण शुद्धीवर असेल, पाणी पोटात टिकत असेल आणि शरीरातील पाणी फार कमी झालेले नसेल, तर ओआरएस पुरेसे असते. नुसते "नको" म्हणून भागत नाही. एक लिटरची पुडी नातेवाइकांसमोर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून दाखवावी आणि प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली द्यायला सांगावे. या पाच मिनिटांत घरच्यांचा विश्वास बसतो, हा माझा अनुभव आहे.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहू नये, कारण ती विषाणूमुळे होते. उरलेल्या किंवा मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे कित्येक गावांना पाणी देते, आणि पाण्यात औषधाचे अंश राहिले की जंतूंना त्याविरुद्ध तग धरण्याची सवय लागते. अशा गोळ्या दवाखान्यातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.

स्नायूत लस टोचताना त्वचा अखंड असेल, तर हातमोजे लागत नाहीत. मात्र प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर २० ते ३० सेकंद सॅनिटायझर चोळायलाच हवे.

उरलेल्या कचऱ्याची विभागणी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जागच्या जागी करावी : रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. डब्यांवरील सूचना कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, चित्रासह लावाव्यात, कारण आपल्याकडे सफाई करणाऱ्या ताईंना बहुधा यांपैकी एकच लिपी वाचता येते आणि चुकीच्या पिशवीतली सुई त्यांच्याच हातात घुसते. हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये. कचरा नेणारी गाडी आली नाही, तर ती पाठवणाऱ्या कचरा प्रक्रिया केंद्राला त्याच दिवशी कळवावे, पण दवाखान्यामागे तो कधीही जाळू नये. पीव्हीसी हे प्लास्टिक जळताना डायॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होते.