जुनी लष्करी बटणे: सापडल्यावर घासू नका

जमीनमालकाची लेखी परवानगी आणि त्या देशाचा पुरातत्त्व कायदा आधी पाहा. संरक्षित स्थळे आणि दफनाच्या जागा वर्ज्य. दारूगोळा दिसला तर खोदणे तिथेच थांबवून लांब व्हा, पोलिसांना कळवा.

छावणीची जागा रणांगणापेक्षा जास्त बटणे देते, कारण माणसे तिथे महिनोन्‌महिने राहत. पाण्याजवळचे सपाट, उंचवट्यावरचे तुकडे आधी धरा. मेटल डिटेक्टरचे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, फार वर नेऊ नका. पातळ आणि कथलाच्या बटणांचा आवाज अ‍ॅल्युमिनियमच्या कचऱ्यासारखाच येतो, तो गाळलात तर बटणेही गेली. सिग्नलच्या मध्यापासून हातभर नाही, पण वीतभर तरी लांब कुदळी लावा. खड्डा बुजवा.

आता खरी कसोटी. माती लागलेले बटण अंगठ्याने घासायचे नाही. जागेवर नाही आणि घरीही नाही. काही बटणांवर सोन्याचा मुलामा असतो आणि तो अतिशय पातळ असतो. खालचे तांबे गंजून फुगलेले असते आणि मुलामा त्या गंजावर नुसता टेकलेला असतो. मातीतले वाळूचे कण सँडपेपरचे काम करतात आणि दोन घासण्यांत सोने उतरते. ते परत येत नाही.

बटण मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवा, घरी पूर्ण वाळू द्या. मग भिंगाखाली लाकडी टूथपिकने माती एकेक खपली काढा, काठाकडून मध्याकडे. शेवटी मऊ, कोरडा ब्रश. दोन भागांचे, आतून पोकळ बटण पाण्यात बुडवू नका: पाणी आत अडकते आणि मागचा भाग लोखंडी असेल तर गंज फुगून पुढचा पत्रा फाडतो. लिंबू, व्हिनेगर, पितळेचे पॉलिश, इलेक्ट्रोलिसिस (विजेने गंज काढणे) हे सल्ले सर्रास मिळतात. मुलाम्याच्या बटणाला यातला एकही लावू नका. तपकिरी किंवा गडद हिरवा थर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर ती क्लोराइडची कीड, म्हणजे क्षारांमुळे चालूच राहणारा गंज आहे. बटण वेगळे काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा.

साफ झाल्यावर मागची बाजू वाचा, कारखान्याचे नाव बहुधा तिथेच असते. ब्रिटिश बटणांवर रेजिमेंटचे आकडे 1767 पासून येऊ लागले. साध्या शिपायांची बटणे 1855 मध्ये कथलाच्या मिश्रधातूवरून पितळेवर गेली आणि 1871 मध्ये त्यांच्यावरचे आकडे जाऊन राजचिन्ह आले. म्हणजे आकडा असलेले शिपायाचे पितळी बटण बहुधा मधल्या 16 वर्षांतले.

ओकच्या लाकडी पेट्या आणि पीव्हीसीचे अल्बम टाळा, दोन्हींतून आम्ल सुटते. पॉलिथिनची पिशवी चालते. प्रत्येक पिशवीत जागा, खोली आणि तारखेची चिठ्ठी त्याच दिवशी घाला.