गोट्यांच्या ढिगाला निर्देशांक कसे द्यावेत

जळगावच्या सराफाकडच्या सोन्याच्या बिस्किटात अणू शिस्तीने रचलेले असतात. त्या रचनेला फलककेंद्री घन जालक म्हणतात: घनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक अणू. तिचा तुकडा घरी मांडता येतो, आणि प्रत्येक गोटीला तीन पूर्णांकांचा पत्ताही देता येतो. सगळी खुबी अक्ष निवडण्यात आहे.

हवं काय? अगदी एकाच मापाच्या ३० गोट्या (एक वेगळ्या रंगाची), परात, बारीक वाळू.

१. परातीत वाळू पसरून ४ × ४ गोट्यांचा चौरस एकमेकींना चिकटवून बसवा. गोट्या वाळूत थोड्या दाबा, नाहीतर वरचं वजन पडताच हा थर पसरतो.

२. खळग्यांमध्ये ९, त्यावर ४, शेंड्याला १ गोटी ठेवा. नऊच्या थरात मधोमध रंगीत गोटी. तिचा पत्ता (०, ०, ०).

३. आता अक्ष. चौरसाच्या कडेला समांतर घेण्याचा मोह होतो, पण मग पुढच्याच थरात अपूर्णांक आणि वर्गमुळं येतात. म्हणून पहिले दोन अक्ष कोपऱ्यांकडे न्या. रंगीत गोटीपासून तिच्याच थराच्या कोपऱ्यातल्या गोटीपर्यंतचं अंतर २ धरा. तिसरा अक्ष सरळ वर, दर थराला १. गोटी १६ मिमीची असेल तर एकक साधारण ११.३ मिमी येतं.

४. पत्ते लिहा. त्याच थरातली शेजारीण (१, १, ०), वरच्या थरातली (१, ०, १), शेंड्याची (०, ०, २). नियम एकच: तिन्ही आकड्यांची बेरीज सम असेल तिथे गोटी, विषम असेल तिथे पोकळी. (१, ०, ०) रिकामीच सापडेल.

रंगीत गोटीला बरोबर १२ गोट्या टेकतात. त्यांच्या पत्त्यात एक शून्य आणि दोनदा १ किंवा −१ असतो. अक्ष काटकोनात असल्याने अंतरही सोपं: आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. टेकलेल्या गोटीसाठी ते √२ येतं. सोन्यात घनाची कड, म्हणजे २ एककं, ०.४०८ नॅनोमीटर असते. म्हणून शेजारचे अणू ०.२८८ नॅनोमीटरवर.

अशा रचनेत सुमारे ७४ टक्के जागा भरते. याहून दाट रचना नाही, हा खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६११ मधला अंदाज. सिद्धता गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली.

५. ढिगाची एक उतरती बाजू तपासा. शेंडा (०, ०, २), खालचे कोपरे (३, ०, −१) आणि (०, ३, −१). त्या बाजूवरच्या दहाही गोट्यांत प्रत्येकीच्या पत्त्यातल्या आकड्यांची बेरीज २ च येते. समोरच्या बाजूसाठी पहिल्या दोन आकड्यांची चिन्हं उलटवून बेरीज करा, तीही २. आणि या बाजूंवर गोट्या चौकोनी नव्हे, त्रिकोणी ओळींत बसलेल्या दिसतील.