सूर्यग्रहण बघायचंय आणि फोटोपण काढायचेत? मग तयारी अशी करा

सगळ्यात आधी हे बघा की तुम्ही जिथे असणार आहात तिथून ग्रहण कुठलं दिसणारे, खग्रास, कंकणाकृती की नुसतं खंडग्रास, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. खंडग्रास आणि कंकणाकृतीत सूर्याचा थोडा का होईना भाग उघडा राहतोच, म्हणजे ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत चष्मा आणि फिल्टर काढायचा नाही, विषय संपला. खग्रासमध्ये मात्र चंद्राने सूर्य पूर्ण झाकलाय तेवढ्या वेळात, आणि फक्त तेवढ्याच वेळात, नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. हा वेळ कितीही ताणला तरी साडेसात मिनिटांच्या आसपास, एरवी बहुतेक वेळा दोन ते चार मिनिटं.

"आमच्याकडे ९९ टक्के आहे, म्हणजे जवळपास खग्रासच की" असं म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. उरलेला एक टक्का सूर्यसुद्धा डोळा जाळायला पुरतो आणि त्याच्या उजेडात करोना (सूर्याभोवतीचं फिकं तेजोवलय) दिसत नाही, हिऱ्याची अंगठी (सूर्य पूर्ण झाकला जाताना कडेला उरलेला शेवटचा लखलखता ठिपका) दिसत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून जातात ते काहीच नाही. त्यामुळे जमत असेल तर खग्रासच्या पट्ट्यातच जा, आणि पट्ट्याच्या मध्यरेषेजवळ जा, कडेला गेलात तर मिनिटांऐवजी सेकंद हातात पडतात.

जागा ठरवताना त्या वेळी सूर्य किती उंचावर असेल हेपण बघा, हे लोक हमखास विसरतात. १२ ऑगस्ट २०२६ चं ग्रहण स्पेनमधून मावळतीच्या सुमाराचं, म्हणजे तिथे पश्चिमेला एखादी टेकडी किंवा इमारत आडवी आली की संपलं. उलट २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांपेक्षा जास्त आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर. ऐकायला भारी वाटतं, पण बऱ्याच ट्रायपॉडचं डोकं लांब लेन्स लावून तेवढं वर वळतच नाही, मध्येच पायाला अडकतं, आणि स्क्रीन बाहेर वळणारी नसेल तर तुम्हाला जमिनीवर आडवं होऊन बघावं लागेल. हे घरीच कळायला हवं, त्यामुळे भर दुपारी कॅमेरा डोक्यावर रोखून एकदा बघाच.

आता डोळे. रेटिनाला दुखणं कळतच नाही, म्हणजे जळत असताना तुम्हाला काहीच जाणवणार नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो तेव्हा समजतं, आणि तो कधीकधी कायमचा राहतो. ग्रहणाचा चष्मा घेताना आयएसओ १२३१२-२ हे मानक बघा, पण नुसत्या छाप्यावर विश्वास ठेवू नका, कारण छापता काय कोणालाही येतं. चष्मा लावून घरात फिरून बघा, काहीच दिसायला नको, फार तर अगदी प्रखर दिवा अंधुक ठिपक्यासारखा. मग मागून टॉर्च धरून बारीक भोकं किंवा ओरखडे आहेत का ते तपासा, असतील तर सरळ कापून कचऱ्यात टाका. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, सीडी, एकावर एक दोन गॉगल, हे सगळं बाद. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरची, कमी नंबरची नाही. आणि चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही म्हणजे नाही, दुर्बीण गोळा करून आणते ती उष्णता चष्म्याच्या फिल्ममधून क्षणात आरपार जाते. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या भिंगांवरच हवा.

लहान मुलं सोबत असतील तर पिनहोल सगळ्यात बरं. पुठ्ठ्याला छोटं भोक पाडायचं, सूर्याकडे पाठ करायची आणि सावलीत पांढरा कागद धरायचा, एक मीटर अंतरावर साधारण ९ मिलिमीटरचा सूर्य पडतो. चाळणी धरली तर चंद्रकोरीसारख्या एकदम शेकडो सूर्यकोरी पडतात, आणि झाडाखाली तर काही न करताच जमीन भरून जाते. याचे फोटो कुठल्याही फिल्टरशिवाय मोबाईलवर मस्त येतात, आणि खरं सांगायचं तर खंडग्रासात मला सूर्याच्या क्लोजअपपेक्षा हेच फोटो जास्त आवडतात, कारण क्लोजअप सगळ्यांचे सारखेच येतात.

कॅमेऱ्याचं गणित तसं सोपं आहे. लेन्सची फोकल लेन्थ भागिले ११० केलं की सेन्सरवर सूर्य किती मिलिमीटरचा येईल ते कळतं, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या लेन्सला साडेचार मिलिमीटर. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते, तर वाटतं की अजून खूप मोठी लेन्स हवी, पण करोना सूर्याच्या बाहेर लांबवर पसरलेला असतो, त्याला जागा सोडा, ४०० ते १००० मध्ये काम होतं.

फिल्टर लेन्सच्या पुढे लागतो, मागे नाही. तो सूर्याचा उजेड साधारण एक लाखपट कमी करणारा हवा. लँडस्केपवाले वापरतात तो दहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळपट फिल्टर, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) फक्त हजारपट कमी करतो, तो इथे चालणार नाही, सेन्सरही जाईल आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर (लेन्समधून थेट दिसणारी डोळ्याची खिडकी) असेल तर डोळाही. माझं मत विचाराल तर आट्याचा, म्हणजे लेन्सवर फिरवून बसवायचा फिल्टर खग्रासला घेऊच नका, ऐन वेळी अंधारात, थरथरत्या हातांनी आटे सोडवत बसाल आणि फोकस हलेल तो वेगळाच. सोलर फिल्मची शीट आणून पुठ्ठ्याची टोपी करा, वाऱ्याने उडणार नाही इतकी घट्ट पण एका हाताने ओढली की निघेल इतकी सैल.

आता रंगीत तालीम, आणि यासाठी ग्रहणच लागत नाही. कुठल्याही स्वच्छ दिवशी फिल्टर लावून सूर्याचे फोटो काढा, कॅमेऱ्याचा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ ला १/५०० सेकंद शटरच्या आसपास सुरू करून खाली-वर करत जा. जे एक्सपोजर पूर्ण सूर्याला बरोबर येईल तेच खंडग्रास भागालाही चालतं, कारण चंद्राने झाकलेला सोडला तर उरलेला सूर्य तेवढाच तेजस्वी असतो, फक्त कोर अगदी बारीक झाली की एक्सपोजर एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवायचं. फोकस मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून सौरडागावर किंवा सूर्याच्या कडेवर नेमका करा आणि रिंगवर टेप मारा. पण टेप मारली म्हणजे झालं असं नाही, उन्हात तास-दीड तास तापलेल्या लेन्सचा फोकस सरकतो, खग्रासच्या पाच-दहा मिनिटं आधी परत तपासा. १९१९ च्या प्रसिद्ध ग्रहणात ब्राझीलमधल्या सोब्रालला हेच झालं होतं, मुख्य दुर्बिणीचे फोटो फोकस बिघडून पसरट आले आणि सोबत ठेवलेल्या छोट्या चार इंची दुर्बिणीने लाज राखली.

खग्रास सुरू व्हायच्या दहा-पंधरा सेकंद आधी कॅमेऱ्याचा फिल्टर काढा, कॅमेऱ्याचाच, डोळ्यावरचा चष्मा तसाच, आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही. बेलीचे मणी (चंद्राच्या खडबडीत कडेवरून डोकावणारे सूर्याचे ठिपके) आणि हिऱ्याची अंगठी यांचा बर्स्ट, म्हणजे सलग भराभर फोटो, मारा, १/२००० च्या आसपास. चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की चष्मा काढा. करोनाला एकच एक्सपोजर पुरत नाही, आतला भाग झगझगीत आणि बाहेरचा अगदी फिका, म्हणून १/२००० पासून एका सेकंदापर्यंत ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या एक्सपोजरचे सलग फोटो) लावून ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), रिमोटने, आणि कॅमेऱ्याला त्याचं काम करू द्या. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, तर फ्रेममध्ये त्याला सरकायला जागा ठेवा म्हणजे मध्येच ट्रायपॉडशी झटापट नको. मान वर करून बघायला निदान अर्धा वेळ मोकळा मिळाला नाही तर तुमचा प्लॅन चुकलाय, काहीतरी कमी करा. पहिल्यांदाच बघत असाल तर फोटो सोडून दिलेत तरी चालेल असं मी म्हणेन.

नुसता मोबाईल असेल तर सूर्याच्या मागे लागू नका. तो ट्रायपॉडवर ठेवून माणसं आणि क्षितिज धरा, पाच मिनिटं आधी व्हिडिओ सुरू करा आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर ऑटो मोड अंधार भरून काढतो आणि व्हिडिओत काही झालंच नाही असं दिसतं. फ्लॅश बंद, आजूबाजूच्यांच्या शिव्या खायच्या नसतील तर.

ढगांचं काही सांगता येत नाही, त्याच १९१९ च्या ग्रहणात आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने १६ फोटोप्लेट काढल्या आणि ढगांमुळे उपयोगाच्या निघाल्या फक्त दोन. आदल्या दिवशी सॅटेलाइटची चित्रं बघा, हलायचं असेल तर सकाळी लवकर हला, शेवटच्या तासात रस्ते तुंबतात.

खग्रास संपताना दुसरी हिऱ्याची अंगठी चमकली की चष्मा लगेच डोळ्यावर आणि फिल्टर लेन्सवर, यात लोक हमखास रेंगाळतात, म्हणून फोनवर आवाजी अलार्म लावून ठेवा. यानंतर सगळे सामान आवरायला लागतात, पण तुम्हाला ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंतचा पूर्ण क्रम एका फोटोत जोडायचा असेल तर ट्रायपॉड हलवू नका, दर पाच मिनिटांनी एक क्लिक चालू राहू द्या, आणि कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करू नका.