लिंबू स्क्वॉशमध्ये केएमएस किती आणि केव्हा घालावं?

स्क्वॉशच्या बहुतेक पाककृती ‘चिमूटभर केएमएस’ असं सांगून मोकळ्या होतात. चिमूट प्रत्येकाची वेगळी, आणि इथे अर्ध्या ग्रॅमनेही फरक पडतो. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंबट रसात पडलं की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तोच यीस्ट, बुरशीला रोखतो. स्क्वॉशमध्ये या वायूची कायदेशीर मर्यादा किलोमागे ३५० मिलिग्रॅम. म्हणजे किलोमागे केएमएस फार तर ०.६ ग्रॅम.

१. दोन किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, मळी काढून पाक गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकात केएमएस घातलं तर वायू तिथेच उडून जातो.

२. एक लिटर लिंबाचा रस गाळून पाकात मिसळा. बिया चिरडल्या किंवा साली जोरात पिळल्या तर स्क्वॉश कडू होतो.

३. हा स्क्वॉश साधारण ४ किलो भरतो. त्याला २ ग्रॅम केएमएस पुरे. घरातला वजनकाटा एवढं नेमकं दाखवत नाही, म्हणून १० ग्रॅम केएमएस उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, पाणी वाढवून द्रावण १०० मिली करा आणि त्यातलं २० मिली औषधाच्या सिरिंजने मोजून घाला. नीट ढवळा. उरलेलं द्रावण टाकून द्या. हवेने ते निकामी होतं. पाकीट उघडताना नाक जवळ नेऊ नका.

४. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्या भरा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडून घट्ट बूच लावा. पत्र्याचे डबे नकोत, आतून काळे पडतात.

बुडबुडे आले किंवा बूच उडालं तर स्क्वॉश आंबला. वरून आणखी केएमएस टाकून तो सुधारत नाही. दोष बहुधा जुन्या पावडरीचा असतो: दमट पडलेल्या, उग्र वास गेलेल्या पावडरीत दम उरत नाही.

कोकम, जांभूळ, स्ट्रॉबेरीला मात्र केएमएस नको, रंग फिका पडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात. दमा असलेल्यांपैकी काहींना सल्फाइटने धाप लागते. सुक्या जर्दाळूने किंवा वाइनने कुणाला असा त्रास झाला असेल, तर त्यांच्यासाठी केएमएस न घालता थोडाच स्क्वॉश करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बाटल्या कुणाला देणार असाल तर चिठ्ठीवर ‘सल्फाइट आहे’ असं लिहा.