सभासद विभागाचा लॉगिन फॉर्म बनवताना
मुंबईतील गृहनिर्माण संस्थेच्या संकेतस्थळावर देखभाल शुल्काची बिले आणि सभांची इतिवृत्ते केवळ सभासदांनाच दिसावीत, यासाठी लॉगिन फॉर्म तयार करताना त्याच्या रंगरूपाआधी पासवर्ड साठवण्याचा विचार करावा. पासवर्ड डेटाबेसमध्ये आहे तसा कधीही ठेवू नये. बरेच लोक तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात, त्यामुळे डेटाबेस फुटल्यास नुकसान संस्थेपुरते राहत नाही. पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३पासून, ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन उपलब्ध आहे. त्यातून मिळणारा हॅश, म्हणजे मूळ पासवर्ड सहज उलगडता येणार नाही अशी अक्षरमाला, साठवावा आणि लॉगिनच्या वेळी ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ने पडताळणी करावी. बीक्रिप्ट या हॅश करण्याच्या पद्धतीतून मिळणारा हॅश ६० अक्षरांचा असला तरी पद्धत पुढे बदलू शकते, म्हणून डेटाबेसमधील पासवर्डच्या रकान्याची लांबी २५५ ठेवणे शहाणपणाचे.

फॉर्म पोस्ट पद्धतीने (म्हणजे भरलेली माहिती पानाच्या पत्त्यात न दिसता) आणि एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरूनच पाठवावा, तसेच सभासदाने भरलेला मजकूर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत, थेट न जोडता आज्ञा आणि मजकूर वेगळे ठेवणारे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरावे. लॉगिन यशस्वी होताच सेशनचा आयडी, म्हणजे लॉगिन केलेल्या सभासदाला ओळखण्याचा सांकेतिक क्रमांक, बदलावा.

चूक झाल्यास ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढाच संदेश द्यावा. ‘हा ईमेल नोंदलेला नाही’ असे सांगितले, तर कोण सभासद आहे हे तिऱ्हाइताला कळते.

ज्येष्ठ सभासदांसाठी पासवर्ड दाखवण्याचे बटण अवश्य द्यावे. मोबाइलवर न दिसणारी अक्षरे टाइप करणे त्यांना खरोखरच जड जाते. संस्थेच्या कार्यालयातील संगणक अनेकजण वापरतात, त्यामुळे लॉगआउटचे बटण प्रत्येक पानावर ठळकपणे दिसले पाहिजे.