धरणाखालच्या माशांवर काम करायचंय? आधी पाण्याचे तास बघा

झूलॉजीची किंवा एन्व्हायर्नमेंटची मुलं विचारतात, माशांच्या स्थलांतरावर प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू? सगळ्यांना आधी जाळं आणि माशांना लावायचे ओळख-टॅग हवे असतात. मलाही हवे होते आणि पहिलं वर्ष त्यातच गेलं.

पुण्यात बसून हा विषय शिकायला मुळा नदीवरच्या मुळशी धरणासारखं उदाहरण नाही. मुळेचं जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात साधारण 500 मीटर खाली उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कुंडलिकेवरचं कोलाडचं राफ्टिंग सकाळी का असतं? कारण वीज केल्यावर सुटलेलं पाणी तेव्हा येतं, दुपारनंतर नदी उतरते.

मी मात्र रोजच्या विसर्गाचे सरासरी आकडे घेऊन ग्राफ काढत बसलो होतो. दिवसभर संथ वाहिलेली नदी आणि सहा तास फुल सोडून अठरा तास बंद केलेली नदी, सरासरी दोन्हीची सारखीच येते! एका उन्हाळ्यात दुपारी काठावर गेलो तर खडकातल्या परातीएवढ्या डबक्यात बोटभर पिल्लं अडकलेली, पाणी हाताला कोमट लागत होतं, वर येऊन तोंडं उघडत होती, आणि मुख्य धार तिथून दहा पावलांवर. सकाळी चढलेल्या पाण्याबरोबर ती कडेला आली असणार आणि पाणी झपकन उतरल्यावर मागे राहिली. त्या दिवसापासून मी दर पंधरा मिनिटांची पातळी आणि तापमान नोंदवायला लागलो, आपोआप नोंद घेणारा लॉगर नसेल तर मोजपट्टी रोवा, घड्याळ लावून वाचा, पण तासांचा हिशोब ठेवाच.

दुसरं म्हणजे चढणीचे मासे. मृगाचा पाऊस पडला, पाणी गढूळ होऊन चढलं की मासे वर निघतात हे भोई आणि कातकरी लोक तुमच्या गाईडपेक्षा नीट सांगतील, त्यांच्याकडे आधी जा. महसीर पण पावसाळ्यातच अंडी घालायला वाहत्या, गोट्यांच्या पाण्याकडे चढतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये महसीरच्या ज्या खुद्री जातीचं वर्णन केलं ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतलीच, म्हणजे आपल्या नदीचा मासा आहे हा! वर धरणाची भिंत आणि खाली पाणी गेटच्या हिशोबाने, तर त्याने चढायचं कधी आणि कुठे? लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवर 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करतंय, ते काम मोठंच आहे, जाऊन बघा. पण पिल्लं सोडली तरी नदीला वेळेवर पाणी लागतंच, ते हॅचरीत तयार होत नाही.

आणि एक, पॉवरहाऊसच्या खालच्या पात्रात पाणी सोडण्याआधीच्या भोंग्याच्या भरवशावर उतरू नका. खडकावर शेवाळाची वरची रेघ दिसते ना, तिच्या वर उभं राहूनच नोंदी घ्या.