ओझे उचलण्याआधी त्याचा कोपरा हलवून पाहा

जड खोके उचलताना कंबर धरली जाते, तेव्हा दोष बहुधा नुसत्या वजनाचा नसतो. ते अंगापासून किती लांब धरले होते आणि उचलता उचलता कमरेत पीळ पडला का, यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील ‘नायोश’ या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या ओझे उचलण्याच्या सूत्रात 23 किलो ही मर्यादा केवळ आदर्श स्थितीसाठी धरलेली आहे. हात लांब गेले, ओझे जमिनीलगत असले किंवा फेऱ्या वाढल्या की ती झपाट्याने खाली येते. म्हणून आधी खोक्याचा एक कोपरा किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, आतला माल सरकतो का ते पाहावे आणि मगच पाय खांद्याइतके फाकवून, ओझे पोटाशी घेऊन उठावे. वळायचे असेल तर कंबर न पिळता पावले टाकून वळावे. घाईत नेमके हेच विसरले जाते. हातगाडी जवळ असेल तर ती वापरण्यात कमीपणा कसला? उचलल्यानंतर दोन्ही मांड्यांच्या मध्ये, गुप्तांगाच्या आसपास बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मलम चोळत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण मणक्यातील नसांवर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात.